फुटलेली लादी बाईची

लादी नीट बसली की ती श्रीपत मिस्त्रीची, आणि फुटली की ती बाईची. महाडच्या बाजारपेठेत आणि आसपासच्या गावांत गेली नऊ वर्षं हा कायदा चालू आहे. तो कुणी केला, कुठल्या कचेरीत पास झाला, देव जाणे. पण पाळतात सगळे, अगदी शिकलेसवरलेलेसुद्धा. ज्या बाईवर तो चालतो तिचं नाव ठकूबाई. हे नाव मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे बराच वेळ तिला कुणी नावाने हाक मारणार नाही.

ठकूबाई नाते गावाच्या वरच्या अंगाला एका वाडीत राहते. वय छप्पन्न, अंगाने काटक, हाताची बोटं सिमेंटने खाल्लेली, खरखरीत झालेली. नवरा श्रीपत लादीचा मिस्त्री, आणि साधासुधा नव्हे, एके काळी तालुक्यात नाव असलेला. लग्न झाल्यापासून ती त्याच्या हाताखाली बिगारी म्हणून घमेली उचलत आली. माल कालवायचा, लाद्या भिजवायच्या, दोरीचं दुसरं टोक धरायचं, आणि संध्याकाळी घरी जाऊन चूल पेटवायची. असं करता करता सव्वीस वर्षं गेली आणि श्रीपतचे गुडघे गेले. लादीवाल्याचे जातातच, सारा जन्म उकिडवं बसून काढायचा म्हणजे दुसरं काय होणार? डॉक्टरने बजावलं की यापुढे जमिनीवर बसायचं नाही.

तेव्हा बिरवाडीत एका घराचं काम अर्ध्यावर होतं. मालक घाई करत होता. दुसऱ्या दिवशी ठकूबाईने नवऱ्याची थापी उचलली आणि खाली बसली. श्रीपत रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसून तिला सांगत राहिला, इकडे उचल, तिकडे दाब. तिसऱ्या दिवशी तो सांगायचा थांबला, कारण सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. काम पुरं झालं तेव्हा मालकाने रीतीप्रमाणे मिस्त्रीचा मान केला. श्रीपतच्या डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल, हातात नारळ. आणि मालकीणबाईंनी ठकूबाईला खण दिला, बिगारणीला देतात तसा. श्रीपतने मान खाली घालून टोपी घेतली. ठकूबाईनेही खण घेतला आणि गप्प बसली. तिथेच चुकली म्हणा हवं तर. त्या दिवशी बोलली असती तर हा कायदा तिथल्या तिथे मेला असता.

तेव्हापासून उंटावरून शेळ्या हाकणं चालू आहे. फोन श्रीपतचा, नंबर श्रीपतचा, खुर्ची श्रीपतची. गिऱ्हाईक त्याच्याशी बोलतं, तो मान डोलावतो, आणि बाई खाली बसून लादी बसवते. श्रीपत वाईट माणूस नाही. पण माणसाला खुर्चीची सवय लागायला काही वाईट असावं लागत नाही.

ठकूबाईचं काम कसं, तेही सांगितलं पाहिजे. हल्लीचे कित्येक कारागीर लादीच्या पाठीला मालाचे पाच ठिपके देतात, चार कोपऱ्यांना चार आणि मध्ये एक, आणि लादी टेकवून मोकळे होतात. वरून आरसा, खाली पोकळ. ठकूबाई तसलं काही करत नाही. ती खाली सगळीकडे माल पसरते, पाठीला सिमेंटची रबडी लावते, आणि रबरी हातोडीने लादी अशी ठोकते की चारी बाजूंनी रबडी वर डोकावते. दोन दिवसांनी परत येते. हातोडीच्या लाकडी दांड्याने एकेक लादी वाजवत अख्खी खोली गुडघ्यांवर फिरते. भरीव लादी टणक बोलते, पोकळ लादी रिकाम्या डब्यासारखी बद्द वाजते. तशी वाजली की खडूने फुली, आणि फुली मारलेली लादी उखडून परत बसवायची. मालकाने नको म्हटलं तरी बसवायची. असल्या बाईची लादी पोकळ निघाली, असं कुणी म्हटलं तर राग येईल की नाही? मला तर नुसतं लिहितानाही येतो आहे.

हे म्हणणारे होते दत्तोपंत. निवृत्त मुख्याध्यापक, सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणतं. घरात पत्नी गोदावरीकाकू, औद्योगिक वसाहतीत इंजिनिअर असलेला मुलगा देवव्रत आणि कॉलेजात शिकवणारी सून मैथिली. घर बाजारपेठेच्या मागच्या आळीत, म्हणजे नदीला हाकेच्या अंतरावर. महाडात काळ दोनच, पाण्याआधीचा आणि पाण्यानंतरचा. एकवीस सालच्या पुराच्या पाण्यात गुरुजींच्या तळमजल्यावर चिखल छातीएवढा आला. तो उपसून, जुन्या लाद्या काढून, नव्या बसवायला श्रीपत मिस्त्री आला, म्हणजे बाई आली. पुढे दोन वर्षांनी वरच्या मजल्याचंही काम काढलं. वरचं खालचं धरून ठकूबाईने त्या घरात चाळीस दिवस काढले. चाळीस दिवस काकूंच्या हातचा चहा प्यायली.

वरच्या कामाचं निमित्त होतं गुरुजींचं काळीज. त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली, आणि रोज चाला असं डॉक्टरांनी सांगितलं. चालणार कुठे? चार महिने पाऊस, उरलेले आठ महिने ट्रक. मग देवव्रतने चालायचं मशीन घ्यायचं ठरवलं, शिवाय स्वतःसाठी लोखंडी डंबेल्स. आणि ही सगळी व्यायामशाळा वरच्या मजल्यावर. दुसऱ्या कुठल्या गावात असली वजनं कुणी माडीवर चढवणार नाही, जमिनीवर ठेवील. पण महाडकर आता तळमजल्यावर प्लास्टिकच्या खुर्च्यांपलीकडे काही ठेवायला धजत नाही. फ्रिज माडीवर, कपाट माडीवर, धान्याची कोठी माडीवर. मग मशीनही माडीवर. त्याला ठकूबाईचा विरोध नव्हता. तिने स्वतः त्या चिखलातून गोदावरीकाकूंची शिवणयंत्रं काढली होती.

लादी निवडायच्या वेळी बैठक भरली. श्रीपत खुर्चीत, देवव्रत समोरच्या खुर्चीत, मैथिली दारात नमुन्यांचं पुस्तक घेऊन, आणि ठकूबाई जमिनीवर, दोरीने खोली मापत.

"मिस्त्री, कुठली घ्यावी?" देवव्रतने श्रीपतला विचारलं.

"वजन किती हाय त्या मशीनचं?" खालून ठकूबाईने विचारलं.

"नव्वद किलो. वर बाबा," देवव्रत श्रीपतलाच म्हणाला.

"मंग चकचकीत मोठी लादी नको. खरबरीत घ्या, जाड घ्या, लहान मापाची घ्या. घामाचा पाय सरकनार नाय नि वजनाला दम धरील. मशीन मधी नाय ठेवायचं, भिंतीकडं ठेवायचं, खालून बीम गेलाय तिथं. मागं पुरी दोन हात जागा सोडा, पट्ट्यावरून मानूस मागं गेला तर भिंतीवर नको आपटायला. नि त्याच्याखाली गोठ्यातली मॅट टाका."

"गोठ्यातली?" मैथिली दचकली.

"रबराची वो. गाईच्या पायाखाली टाकतात ती. इंचभर जाड असती. माझी जर्सी गाय चारशे किलोची हाय, दिवसभर उठते बसते, खालचा कोबा जसाच्या तसा हाय. नवी मिळते दुकानात, शेन लागलेली नाय. चार दिस उन्हात टाकली का वास जातो. डंबेलं पन तिच्यावरच ठेवा."

मैथिलीला हसू आवरेना. देवव्रतही हसला. गुरुजी आतून म्हणाले, "म्हणजे मी आता गोठ्यात चालायचं की काय?" सगळे हसले. श्रीपतही हसला. ठकूबाईने दोरी गुंडाळली.

लादी आली ती हस्तिदंती रंगाची, पाण्यासारखी चकचकीत, दोन बाय चारची, मधून सोनेरी रेघ गेलेली. मशीन दुकानवाल्याने खोलीच्या ऐन मध्यावर मांडलं, कारण तिथून खिडकी दिसते. त्याच्याखाली मैथिलीची योगासनांची गुलाबी चटई, जी बोटभरही जाड नव्हती. त्याआधी लादी बसवताना एका दुपारी श्रीपत कंटाळून बायकोला म्हणाला होता, "पाच ठिपके दे नि मोकळी हो गो. कोन बघतंय खाली? संध्याकाळची गाडी चुकंल." ठकूबाईने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गाडी चुकली. दोघं अंधारात वाडी चढून गेली आणि दोन दिवसांनी तिने लादी न् लादी वाजवून पाहिली. एका खोक्यातल्या लाद्या उरल्या, त्या तिने हट्टाने माळ्यावर ठेवायला लावल्या. ही नक्षी परत मिळणार नाही, लागतील कधी, म्हणाली. काम पुरं झालं. श्रीपतला टोपी-टॉवेल, तिला खण. तिच्या ट्रंकेत आता अकरा खण झाले.

वर्ष गेलं. आणि यंदा शिमग्यानंतर एका सकाळी श्रीपतचा फोन वाजला. फोन मोठ्या आवाजावर होता, त्याला कमी ऐकू येतं. ठकूबाई चुलीपुढे भाकरी थापत होती.

"श्रीपत, अरे काय काम केलंस हे?" गुरुजींचा आवाज अख्ख्या घरात घुमला. "वरच्या हॉलमधल्या पाच लाद्या तडकल्या. देवव्रतने ठोकून पाहिलं, म्हणतो पोकळ असणार. खालचं काम बघ, कसं दगडासारखं आहे! आणि वर असं? हे तुझं काम वाटत नाही रे."

ठकूबाईचा हात थांबला. तिला वाटलं, आता हा बोलेल.

श्रीपत बोलला. "गुरुजी, ती वरची ना... ती बायकोनं बसवलेली हाय."

"तरीच!" गुरुजी म्हणाले. "मला वाटलंच. अरे, बायकांच्या हाताला जोर तो किती असणार? ही कामं त्यांची नव्हेत. आणि तुला सांगतो, त्या निशिगंधाने आता हात आखडता घेतलाय. म्हणते, माझ्याकडे पेशंट येणार, मला अशी लादी नको."

निशिगंधा म्हणजे मैथिलीची मावसबहीण. पोलादपुरात लकव्याच्या आणि हाडं मोडलेल्या माणसांसाठी व्यायामाचं केंद्र काढत होती. चालायची मशीनं, सायकली, वजनं, चार मोठ्या खोल्या. ते काम श्रीपत मिस्त्रीकडे म्हणजे ठकूबाईकडे यायचं ठरलं होतं. गेले दोन महिने ती येता-जाता त्याच खोल्या मनात बसवत होती. कुठल्या खोलीला कुठली लादी, मॅट कुठून कुठवर, काठीवाल्या पेशंटची काठी घसरू नये म्हणून सांधे किती भरायचे. असलं काम तिला जन्मात मिळालं नव्हतं. आणि आता ते एका वाक्यात गेलं, तेही घरातल्या माणसाच्या वाक्यात.

फोन बंद झाला. भाकरी तव्यावर करपली. ठकूबाई उठून दारात आली.

"काय बोल्लाव तुमी?"

"खोटं काय बोल्लो? तूच नाय बसवलीस?"

"मीच बसवली. नि खालची कोनी बसवली? बिरवाडीची? अख्ख्या आळीची? ती टिकली तवा तुमची. टोपी तुमची, नारल तुमचा. नि ही फुटली तर एकदम माझी?"

"अगो, नाव गेलं तर पुढं काम कोन देईल? मिस्त्रीचं नाव राखायला नको?"

"तुमचं नाव राखायला माझं पुढं केलात!" ती इतकी ओरडली की शेजारची कोंबडी उडाली. "माझं नाव तरी ठावं हाय का त्यांना, जे तुमी पुढं केलात?"

तळपायाची आग मस्तकात जाणं काय असतं ते श्रीपतने त्या दिवशी पाहिलं. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती, पण त्याने हा आवाज ऐकला नव्हता. ठकूबाईने हत्यारांची पिशवी काढली. थापी, छिन्नी, हातोडी, दोरी, खडू.

"उद्या सकाली तुमी माझ्यासंगं महाडला येताव," ती म्हणाली. "पाय दुखतात तर दुखूदे. माझे पन दुखतात, कुनी विचारलं नाय."

दुसऱ्या दिवशी नऊच्या सुमारास दोघं गुरुजींच्या दारात उभी राहिली. आळीत बातमी आधीच पोचली होती. समोरच्या ओट्यावरून एक बाई दुसरीला म्हणाली, "तीच ती, लादी फुटली ना, ती हिनेच बसवलेली." त्या ओट्यावरची लादीही ठकूबाईनेच बसवलेली, पण ती टिकली होती, म्हणजे श्रीपतची होती. ठकूबाई त्यांच्याकडे एकदा बघून जिना चढली. मागून श्रीपत कठड्याला धरून एकेक पायरी.

वर सगळे होतेच. गुरुजींनी श्रीपतला खुर्ची दिली. "बस, बस. तू स्वतः आलास ते बरं झालं. आता तूच दुरुस्त कर बाबा."

ठकूबाई मशीनपुढे उकिडवी बसली. मशीनच्या लोखंडी पायांनी चटई फाटून लादीवर चरे पडले होते. मशीनच्या बाजूला पाच लाद्या तडकलेल्या, सोनेरी रेघेला आडव्या-उभ्या भेगा गेलेल्या. तिने बोट भेगेवर ठेवलं आणि भेग जाईल तसं बोट नेलं. एक भेग, दुसरी भेग, तिसरी भेग. सगळ्या एकाच बाजूला जात होत्या, गुलाबी चटईच्या टोकाखाली. तिने चटईचं ते टोक उचलून दुमडलं.

चटईखाली लादीवर चांदणी उमटली होती. मधोमध टवका उडालेला आणि चारी बाजूंना भेगा फुटलेल्या. हातभर अंतरावर तशीच दुसरी.

"पोकल लादीला सरल भेग जाते, ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत," ठकूबाई म्हणाली. "चांदनी पडते ती वरून घाव बसला तर. मशीनच्या पायानं चांदनी पडत नाय. काय पडलं हितं?"

देवव्रत खिडकीबाहेर बघू लागला.

"देवव्रत?" गुरुजींनी मास्तरी आवाज काढला. चाळीस वर्षांचा इंजिनिअर, पण त्या आवाजासरशी कान लाल झाले.

"दोन-तीनदा हातातून डंबेल सुटलं," तो म्हणाला. "वीस किलोचं. पण चटई होती ना खाली. मला वाटलं, खाली भरीव असती तर लादी एवढ्याने फुटली नसती."

म्हणजे बघा. लोखंड आपण पाडायचं, वर चटई ओढायची, आणि दोष बाईच्या हाताला द्यायचा. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच. आणि हा मुलगा कारखान्यात यंत्रांचे पाये तपासायच्या पगारावर आहे!

"भरीव हाय का पोकल ते आता बघूया," ठकूबाई म्हणाली. "हाताला जोर किती तेबी बघूया."

तिने हातोडी उलटी धरली आणि लाकडी दांड्याने लादी वाजवायला सुरुवात केली. भिंतीपासून भिंतीपर्यंत, ओळीने, गुडघ्यांवर सरकत. गुरुजींना म्हणाली, "तुमी ऐका. पोरांना पाढे म्हनायला लावायचाव तवा कुनाचं चुकतं ते कळायचं ना, तसं ऐका." टणक, टणक, टणक. एक्केचाळीस लाद्या वाजल्या. एकही पोकळ वाजली नाही. गोदावरीकाकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, हातातला चहा निवला तरी त्यांना भान नव्हतं.

मग तिने छिन्नी लावली. पोकळ लादी पापडासारखी अख्खी उचलून येते. ही येईना. तिला फोडावी लागली, करवंटीएवढाले तुकडे करून, आणि प्रत्येक तुकड्याच्या पाठीला खालचा माल धरून आला. पाच लाद्या काढायला दीड तास लागला. ठकूबाईच्या कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन टपकत होता. शेवटी तिने एक तुकडा उचलून गुरुजींच्या हातात दिला. लादी वरून तडकलेली आणि खाली बोटभर माल, कुठे सुईच्या टोकाएवढी पोकळी नाही.

गुरुजींनी तो तुकडा उलटा-सुलटा करून पाहिला. चष्मा काढून पाहिला. माणूस सरळ होता, चूक दिसल्यावर कबूल करणारा.

"आमचंच चुकलं," ते म्हणाले. "हे पोकळ नाही. हे काम पक्कं आहे." आणि मग वळून म्हणाले, "शेवटी मुरलेला हात तो, श्रीपत! बायकोकडून करून घेतलंस तरी कसं करून घेतलंस! नजर तुझी ना."

श्रीपतने सवयीने मान खाली घातली, टोपी घालून घेताना घालायचा तशी.

ठकूबाई उठून उभी राहिली. खरं सांगायचं तर, आदल्या दिवशीच्या फोनपेक्षा हे तिला जास्त लागलं. काल निदान लादी तिची होती.

"काकू, माल्यावरचं लाद्यांचं खोकं काढून द्या," ती म्हणाली. खोकं आलं. तिने माल कालवला, खड्डा झाडून भिजवला, माल पसरला, एक लादी पाठीला रबडी लावून तयार ठेवली. आणि थापी उचलून नवऱ्याच्या हातात दिली.

"मिस्त्री, तुमचा हात मुरलेला हाय. बसा खाली. बसवा."

श्रीपतने थापीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. तो खुर्चीचा हात धरून उठला, एक पाय मागे नेला आणि वाकायला गेला. गुडघा अर्ध्यावर अडला. कळ येऊन तो कण्हला. देवव्रत धरायला पुढे धावला, पण श्रीपतने त्याला हाताने थांबवलं आणि तसाच, अर्धवट वाकलेला, खुर्चीला धरून उभा राहिला.

"माझ्यानं नाय व्हत," तो म्हणाला. "गुरुजी, नऊ वर्सं झाली, माझ्यानं खाली नाय बसवत. नऊ वर्सांत एक लादी मी बसवलेली नाय. तुमची खालची हिनं बसवली. बिरवाडीची हिनं. समोरच्या ओट्याची हिनं. काल फोनवर मी खोटं नाय बोल्लो. अर्धं बोल्लो." मग म्हणाला, "ह्या खोलीत तर मी तिला पाच ठिपके द्यायला सांगितले व्हते. तिनं नाय ऐकलं."

हे शेवटचं त्याला कुणी विचारलेलं नव्हतं. पण एकदा बोलायला लागल्यावर त्याने तेही सांगून टाकलं, आणि खुर्चीत बसला. ठकूबाईने त्याच्या हातातून थापी घेतली. तिचा राग उतरला नव्हता, उतरायचं कारणही नव्हतं. नऊ वर्षांचा राग एका वाक्याने थोडाच उतरतो! पण तिने पिशवीतला ओला फडका त्याच्या गुडघ्यावर टाकला, मग खाली बसली आणि लादी बसवू लागली.

पाचही बसवून, हातोडीने ठोकून, सांधे पुसून होईतो दोन वाजले. मधल्या वेळात मैथिली कुठेशी गेली होती. पशुखाद्याच्या दुकानातून ती टेम्पो घेऊन आली, तेव्हा त्यात काळ्या रबराच्या दोन गुंडाळ्या होत्या. "वास फार येतो हो मावशी," ती खालूनच ओरडली.

"गच्चीवर टाका चार दिस," ठकूबाई वरून म्हणाली. "नि खाली पातल प्लायवूड घाला, नायतर रबराचा काला डाग उठंल ह्या तुमच्या गोऱ्या लादीवर. मशीन भिंतीकडं न्या आता तरी. आनि डंबेलं खाली ठेवायची, टाकायची नाय. नांगर ठेवतो मानूस, टाकत नाय." देवव्रतने ते सगळं वहीत लिहून घेतलं. या वेळी तो तिच्याकडे बघत होता, खुर्चीकडे नव्हे.

गुरुजी मात्र मघापासून फोन हातात घेऊन घुटमळत होते. शेवटी त्यांनी निशिगंधाला फोन लावला. "अगं, मी दत्तोकाका, मैथिलीचा सासरा. त्या लादीबद्दल मी तुला जे सांगितलं ते सपशेल चूक होतं. फोडून पाहिली. लोखंड आमच्या चिरंजीवांनी पाडलं. तू हे काम दुसऱ्या कुणाला देऊ नकोस. हो, हो, श्रीपतला नाही. त्याने बसवलेलीच नव्हती. त्याची बायको. तीच मिस्त्री. नंबर पाठवतो ना. नाव? थांब हं, नाव..."

गुरुजींनी गोदावरीकाकूंकडे पाहिलं. काकूंनी मैथिलीकडे पाहिलं. मैथिलीने खाली पाहिलं. ज्या माणसाने चाळीस वर्षं वर्गाची हजेरी घेतली, एकेका पोराचं बापाच्या नावासकट नाव पाठ ठेवलं, तो माणूस फोनवर हात ठेवून, अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "बाई, तुमचं नाव काय हो?"

ठकूबाई लाद्यांचे तुकडे घमेल्यात भरत होती. ती हसली नाही.

"चालीस दिस व्हते मी ह्या घरात, गुरुजी," ती म्हणाली. "ठकूबाई. ठकूबाई मिस्त्री लिवा. नि त्यांना सांगा, टिकली तरी तिची नि फुटली तरी तिची."

गुरुजींनी फोनवरचा हात काढला आणि ते नाव, एकेक अक्षर सुटं करून, पोलादपूरला सांगितलं. ठकूबाईने घमेलं डोक्यावर घेतलं आणि जिन्याच्या तोंडाशी नवऱ्यासाठी थांबली.